श्रवणाचे साधन : खिशातला फोन

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिले नाव श्रवणाचे आणि दुसरे कीर्तनाचे. हा क्रम उगीच पडलेला नाही. जे कानात गेलेच नाही ते मुखात येणार कोठून? तान्हे मूल बोलू लागते ते आईचे ऐकून, आणि नवा माळकरी अभंग म्हणू लागतो तो शेजारच्या टाळकऱ्याचे ऐकून. अक्षरओळख नसलेली किती तरी माणसे आपल्या संप्रदायात हरिपाठ मुखोद्गत म्हणत आली, ती केवळ कानाच्या बळावर. तेव्हा श्रवणाचे एखादे नवे साधन घरोघर येऊन बसले, तर त्याला नाक मुरडून भागत नाही आणि त्याच्या नादी लागूनही भागत नाही. ते काय आहे, कसे वापरावे आणि कोठे बाजूला ठेवावे, हे नीट शिकून घ्यावे लागते. या पाठाचा विषय तेवढाच. हातातला स्मार्टफोन अभंग, हरिपाठ, कीर्तन ऐकण्याची पेटी म्हणून कसा वापरावा, एवढेच येथे पाहू. त्यावरील चित्रे, गप्पा आणि पैशांचे व्यवहार यांच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही.

आधी थोडे मागचे पाहू. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यास येऊन हिंदुस्थानी गायकांच्या आवाजाच्या तबकड्या घेतल्या. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. आता विचार करा, आपल्याकडे एका अभंगावर कीर्तनकार दोन तास उभा राहतो. फडावर एकच चरण मंडळी पाव-पाव तास घोळवतात. तो अभंग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे ध्रुपद आणि एक-दोन चरण घ्यायचे, आणि तेही घाईने. लोकांच्या कानात अभंगाचा हा आखूड आकार तेव्हापासून बसला. पुढे १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. विष्णुपंत पागनीस यांना लोकांनी तुकोबांच्या ठिकाणी पाहिले. त्यातले एक गीत शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले होते, पण ते इतके घोटून तुकोबांच्या वळणाचे उतरले की पुष्कळांनी ते अस्सल अभंग म्हणूनच पाठ केले. आठवल्यांच्या लेखणीचा तो गौरव आहे, यात शंका नाही. पण यंत्रातून कानी आलेले आणि गाथ्यात असलेले या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हेही त्यावरून कळते. हा धडा आपल्याला पुढे लागणार आहे.

मग आकाशवाणी आली, खांद्याला अडकवायचा ट्रान्झिस्टर आला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि तिच्या एका बाजूस तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे मावू लागली. पंढरपुरात आणि आळंदीत दुकानोदुकानी त्या कॅसेटी टांगलेल्या असत. १९७९ साली सोनीने चालता चालता कानाला लावून ऐकायचे यंत्र काढले. २००७–०८ च्या सुमारास हल्लीच्या घडणीचे फोन निघाले आणि त्यांनी हे सगळे एका चपट्या पेटीत कोंबले. या सर्व साधनांना काही ना काही माप होते. तबकडी तीन मिनिटांची, कॅसेट दीड तासाची, आकाशवाणीचा अभंग पहाटेच्या ठरल्या वेळी. फोनला माप नाही. त्याचा मोठा गुण हाच आणि मोठा धोकाही हाच. दोन तासांचे कीर्तन न तोडता ऐकता येते हा गुण. आणि शेकडो तासांचा साठा करून त्यातला एक तासही मन लावून ऐकला जात नाही, हा धोका.

आता प्रत्यक्ष वापराकडे येऊ. पुष्कळ माउली फोनवर अभंग ऐकतात म्हणजे यूट्यूब उघडून ऐकतात. घरी ते ठीक आहे. परंतु वारीच्या वाटेवर या रीतीत तीन अडचणी आहेत. एक म्हणजे ते सगळे इंटरनेटवरून तेथल्या तेथे येत असते. लाखो माणसे एका रस्त्यावर, एका मनोऱ्याच्या छायेत असली की ते अडखळते. दिवेघाटात, वाखरीच्या तळावर हा अनुभव कोणालाही येईल. दुसरी अडचण, तेथे गाण्याबरोबर चित्रही येते, म्हणजे काचेचा पडदा पेटलेला राहतो. फोनच्या बॅटरीला सर्वांत अधिक खाणारा तो पडदाच. पडदा बंद केला की, वर्गणी भरलेली नसेल तर, बहुधा गाणेही बंद पडते. तिसरी म्हणजे मध्ये येणाऱ्या जाहिराती. हरिपाठाचा अभंग संपतो न संपतो तोच कोणी साबण विकू लागतो, याला काय म्हणावे! काही जण त्याच अॅपमध्ये ‘डाउनलोड’ करून ठेवतात आणि काम झाले असे समजतात. ते त्या अॅपच्या आतच वाजते, आणि ठरावीक मुदतीने इंटरनेटला जोडल्यावाचून चालू राहत नाही. दूध आपल्या भांड्यात यावे लागते. गवळ्याच्या चरवीत आपल्या नावाने ठेवलेले दूध ऐन वेळी हाती लागेलच असे नाही.

आपल्या भांड्यातले दूध म्हणजे फोनच्या पोटात किंवा त्याच्या मेमरी कार्डावर प्रत्यक्ष ठेवलेली आवाजाची फाइल. ही बहुधा एमपी३ या जातीची असते. या जातीची युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण ती टाळकऱ्याला चटकन कळेल. शंभर टाळ एकदम खणखणले, तर त्याच क्षणी शेजारी कोणी हलकेच पुटपुटलेले आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. एमपी३ करणारा संगणक असे झाकले गेलेले आवाज शोधतो आणि ते लिहीतच नाही. त्यामुळे फाइल दहा-बारा पटींनी लहान होते आणि कानाला फारसे उणे भासत नाही. किती बारकाईने लिहायचे ते आपण ठरवतो. १२८ च्या मापाने लिहिले तर एका मिनिटाला जवळजवळ १ एमबी जागा लागते, म्हणजे तासाला सुमारे ५८ एमबी. ६४ च्या मापाने त्याच्या निम्मी, तासाला सुमारे २९ एमबी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रवचन, निरूपण, पारायण यांत एकच मनुष्य बोलत असतो, तेथे ६४ चे माप पुरते. भजनाला मात्र १२८ च्या खाली जाऊ नये. कारण काटकसर फार केली की पहिला बळी टाळाचा जातो. त्याचा तो लखलखीत नाद पाण्यात बुडून आल्यासारखा फसफसतो. मृदंगाची थाप आणि माणसाचा गळा बराच टिकतो, पण टाळ नासतो. ज्या मुद्रणात टाळ नासला ते वारकऱ्याने ऐकू नये, असे माझे आपले मत.

आता हिशेब करा. समजा ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांचे वाचन तीस तासांचे आहे. ६४ च्या मापाने ते ८६४ एमबी झाले, म्हणजे १ जीबीच्या आतच. ३२ जीबीचे नखाएवढे कार्ड घेतले तर त्यात १२८ च्या मापाचे पाचशे तासांहून अधिक भजन मावते. माउलींची पालखी आळंदीहून निघून पंढरीस पोचेपर्यंत जेवढे दिवस लागतात, तेवढे दिवस अहोरात्र वाजत ठेवले तरी ते संपणार नाही. सबब, कार्ड मोठे घेण्याच्या मागे लागू नये. निवडून घेण्याच्या मागे लागावे.

याकरिता नवा फोन घेण्याची गरज मुळीच नाही. मुलाने किंवा सुनेने नवा घेतला म्हणून कपाटात पडलेला जुना फोन असतो ना, तोच उत्तम. त्याला सिमकार्ड लागत नाही. सिम नसले की फोन येत नाही, निरोप येत नाहीत, बँकेचे खाते त्यात नसते. गर्दीत गेलाच तर फक्त यंत्र जाते, घर उघडे पडत नाही. त्यातले बाकी सगळे पुसून टाकावे आणि फाइली वाजविणारे एक साधे अॅप तेवढे ठेवावे. व्हीएलसी हे त्यांतले एक. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि जवळपास कोणत्याही जातीची फाइल ते वाजवते. घरच्या एखाद्या शिकलेल्या नातवाला सांगितले तर तो अर्ध्या तासात एवढे करून देईल. त्याच्याकडून करून घेताना शेजारी बसून पाहावे मात्र; वाटेत नातू बरोबर नसतो.

फाइलींना नावे देणे हे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षिलेले. यंत्राला क्रम कळत नाही, त्याला अक्षरे आणि आकडे कळतात. माउलींच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग निरनिराळ्या फाइलींत असले आणि त्यांना १, २, ३ अशी नावे दिली, तर कित्येक यंत्रे १ नंतर १०, मग ११, असे करीत १९ पर्यंत जातात आणि नंतर २ वर येतात. म्हणून एक आकडी अंकाआधी शून्य घालून ०१, ०२, ०३ असे लिहावे, म्हणजे क्रम बिघडत नाही. दुसरे, अॅपमध्ये ‘शफल’ नावाचे एक बटण असते. एकमेकांत अडकलेले दोन बाण त्यावर काढलेले दिसतात. ते चालू असले की यंत्र पत्ते पिसल्याप्रमाणे मनाला येईल ते लावते. मग काकड्यानंतर शेजारती आणि गौळणीनंतर मंगलाचरण. ते बटण पहिल्यांदा बंद करावे आणि पुन्हा त्याला हात लावू नये.

आपल्या भजनाला दिवसाचा क्रम आहे. पहाटे काकडा, वाटचालीला मंगलाचरण, मग भूपाळ्या, वासुदेव, जोगी, आंधळे-पांगुळे, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. हाच क्रम फोनमधल्या कप्प्यांना द्यावा : ‘०१ काकडा’, ‘०२ वाटचाल’, ‘०३ वारांचे’, ‘०४ हरिपाठ’, ‘०५ कीर्तन’. वारांच्या कप्प्यात पुन्हा सात लहान कप्पे. अशी मांडणी एकदा केली की डोळे अधू झालेली आजीसुद्धा अंदाजाने बोट ठेवून हवे ते लावते. निजताना ऐकायचे असेल तर ‘स्लीप टायमर’ लावावा, म्हणजे अर्ध्या तासाने यंत्र आपोआप थांबते. नाही तर मनुष्य झोपी जातो आणि नाम भिंतींना ऐकवले जाते.

बॅटरीविषयी. फोनवर विमानाचे चित्र असलेले एक बटण असते. ते दाबले की फोन मनोऱ्याशी बोलणे बंद करतो. जेथे मनोरा दूर असतो किंवा गर्दी दांडगी असते, तेथे फोन त्याला हाका मारमारून थकतो आणि बॅटरी उगीच खर्ची पडते. सिम असलेला फोन नेणाऱ्यांनी हे बटण अवश्य वापरावे. पोटातली फाइल वाजवायला मनोरा लागत नाही. पडदा बंद, विमानाचे बटण चालू आणि कानात तारेचा इअरफोन, अशा रीतीने बऱ्या बॅटरीचा फोन दिवसभर वाजला तरी संध्याकाळी जीव धरून असतो. बाहेरून भरण्यासाठी जी ‘पॉवर बँक’ मिळते तिच्यावर १०,००० असा आकडा असतो आणि फोनच्या बॅटरीवर ५,०००. यावरून दोनदा भरेल असे कोणी मानू नये. वीज एका दाबातून दुसऱ्या दाबात नेताना आणि भरताना गळते. सव्वा ते दीड वेळा भरला तर ती पेटी प्रामाणिक समजावी.

आषाढीची वारी म्हणजे पाऊस आलाच. फोन जाड प्लास्टिकच्या, तोंड घट्ट मिटणाऱ्या पिशवीत ठेवावा; काच आतूनही बोटाला ओळखते. भिजलाच तर त्याला लगेच विजेला जोडू नये, यात कसूर नको. भोकात पाणी असताना वीज गेली की आतले धातू खाल्ले जातात. बंद करून, पुसून, भोक खाली येईल असा वाऱ्यावर उभा ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याची एक रीत पसरली आहे. तिने लाभ होत नाही, तांदळाचा भुसा आणि कण मात्र भोकात शिरतात. तांदूळ खिचडीसाठी राहू द्यावेत. उन्हाचेही तसेच आहे. दिंडीच्या ट्रकमध्ये पुढच्या काचेशी ठेवलेला फोन दुपारी तव्यासारखा तापतो आणि त्याची बॅटरी अकाली म्हातारी होते.

फोनच्या पाठीवर चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी लावावी : आपले नाव, गाव, आणि ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ व दिंडी क्रमांक. समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात, लाखो टाळ क्षणात गप्प होतात, आणि हरवले-सापडले ते पुकारले जाते, हे आपण जाणतोच. दिंडी क्रमांक असला तर वस्तू धन्याला मिळायला वेळ लागत नाही.

आता कानाविषयी, कारण श्रवणभक्तीचे इंद्रिय तेच आणि ते एकदा बिघडले की पुन्हा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जी मर्यादा सांगितली ती अशी की प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांना ७५. पुढे दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९० वर गेलात तर आठवड्याचे चारच तास. फोनला डेसिबल दाखवता येत नाहीत असे कोणी म्हणेल, तर साधी खूण सांगतो. कानात इअरफोन असताना हातभर अंतरावरील मनुष्याचे साधे बोलणे कळले पाहिजे. कळत नसेल तर आवाज उतरवावा. रस्त्याच्या कोलाहलावर मात करण्यासाठी आवाज चढवीत जाण्याची जी खोड आहे, तिच्याने कान जातात. आणि रस्त्याने एकटे-दुकटे चालत असताना दोन्ही कान बंद करू नयेत. मागून येणारा ट्रक नाम घेत येत नाही, भोंगा वाजवीत येतो. एकच कान लावावा, तोही रस्त्याच्या कडेकडचा. वाहनांकडचा मोकळा असू द्यावा.

दिंडीत उभे राहिल्यावर मात्र दोन्ही कान मोकळे हवेत. दिंडीत चालताना इअरफोन घालणे म्हणजे पंगतीत बसून घरून आणलेला डबा खाणे होय. पुढे विणेकरी आहे, टाळकरी आहेत, मृदंगी घामाघूम झाला आहे, आणि एखादा मात्र कानात कोण्या नामांकित गवयाचा तोच अभंग ऐकत पावले टाकतो आहे! तो गवय्या चांगला गातो, हे खरे. विणेकऱ्याचा गळा बसला आहे, हेही खरे. पण त्या बसलेल्या गळ्याला जेथे ओढ लागेल तेथे आपल्या गळ्याने खांदा द्यायचा असतो. यंत्रातल्या गवय्याला आपल्या खांद्याची गरज नाही.

येथे शंका अशी निघते. कोणी माउली म्हणतात, “बुवा, संध्याकाळी स्वयंपाक करता करता मी फोनवर हरिपाठ लावते. पुरा ऐकते. मग माझा नेम झाला की नाही?” हा प्रश्न खरा आहे, त्याला थट्टेने उत्तर देऊ नये. ऐकणे ही भक्तीच आहे, प्रल्हादाच्या यादीत ती पहिली आहे. तेव्हा तुमचे श्रवण झाले, त्याचे मोल कोणी कमी करू नये. परंतु हरिपाठाचा नेम हा म्हणण्याचा नेम आहे. माळ घालताना आपण जे पत्करतो ते मुखाने नाम घेण्याचे. यंत्र म्हणते तेव्हा यंत्राचे म्हणणे होते, आपले ऐकणे होते. यावर तोडगा सोपा आहे आणि तो स्वयंपाकघरातच आहे. फोन म्हणेल त्याच्या पाठोपाठ आपणही म्हणावे, ओठ हलवून. महिनाभरात असे होईल की फोन एक चरण चुकवील अशी वेळ आली तरी तुम्ही चुकणार नाही. त्या दिवशी फोन बंद करावा.

अंथरुणाला खिळलेल्याचे निराळे. ज्याची वारी पायांनी सुटली, ज्याचा आवाज उमटत नाही, त्याच्या उशाशी हरिपाठ लावून ठेवणे ही मोठी सेवा आहे. तेथे म्हणणे आणि ऐकणे हा भेद काढीत बसू नये. फक्त आवाज बेताचा ठेवावा आणि दिवसातून एकदा तरी घरच्या कोणी शेजारी बसून स्वतःच्या तोंडाने म्हणावे. आजारी माणसाला नातवाचा हात आणि नातवाचा आवाज दोन्ही लागतात.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. सप्ताहात वीणा अखंड उभी असते. रात्रीच्या पहाऱ्याला माणूस मिळेनासा झाला की, “लावून द्या ना स्पीकरवर नामगजर, काय फरक पडतो?” असे एखादा म्हणतो. फरक पडतो. पहारा हा जागण्यासाठी असतो. रात्री दोन वाजता वीणा गळ्यात घेऊन उभा राहिलेला एकटा मनुष्य आणि रिकाम्या मंडपात वाजणारे यंत्र, यांत देवाला काय आवडते ते आपण ठरवू नये. पण गाव कशाने टिकते ते आपण पाहू शकतो. पहाऱ्याची यादी लिहिताना वीस घरे एकमेकांना विचारतात, तरण्या पोराला पहिल्यांदा वीणा दिली जाते, म्हातारा त्याच्याजवळ घोंगडी टाकून बसतो. यंत्र लावले की ही यादीच लिहावी लागत नाही. हरिपाठाचेही तसेच. देवळात सात-आठ बायामाणसे मिळून म्हणत असतील, चाल थोडी इकडेतिकडे होत असेल, आणि कोणी हौसेने मोठा डबा आणून त्यावर छापील हरिपाठ लावला, तर पहिले चार दिवस सगळी त्याच्याबरोबर म्हणतात, मग ऐकतात, मग घरी बसून लांबूनच ऐकू येते म्हणतात. माझे स्पष्ट म्हणणे आहे की देवळात सामुदायिक हरिपाठाच्या वेळी यंत्र लावू नये. शिकवणीसाठी दुपारी लावावे.

शिकण्यासाठी मात्र यासारखे साधन पूर्वी नव्हते. वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली आळंदीस जोग महाराजांनी काढली. तेथे राहून शिकण्याचे भाग्य सर्वांना कोठले? गावातल्या पोराला पखवाजाचा ठेका किंवा गौळणीची चाल शिकायची तर फोन उपयोगी पडतो, तो असा. अॅपमध्ये वेग कमी करण्याची सोय असते. जुन्या तबकडीचा वेग कमी केला की आवाज घोगरा होऊन सूरच उतरे. आता संगणक सूर तेथेच ठेवून चाल तेवढी संथ करतो. वेग पाऊण करावा, एक चरण ऐकावा, थांबवावा, म्हणावा, पुन्हा तोच ऐकावा. काही अॅपमध्ये एक तुकडा ठरवून तोच परत परत लावता येतो. पट्टीची मात्र अडचण येते. मुद्रणातला गायक आपल्या गळ्याच्या सोयीने चढी पट्टी घेतो. तेथे आपल्या मंडळींनी जाऊ नये. चाल उचलावी आणि पेटीवर आपल्याला झेपेल त्या स्वरात ती बसवावी. शब्द पोथीशी ताडून पाहावेत. गाथ्यात नाही ते तुकोबांच्या नावावर म्हणू नये, मागे चित्रपटातील गीताचे सांगितलेच आहे. हल्ली तर माणसावाचून संगणकच गाणी जुळवून म्हणतो, त्यात ऱ्हस्वदीर्घाची आणि अर्थाची वाट लागलेली असते. तेव्हा ही सावधगिरी दुप्पट हवी.

आणि चाल कोणाची उचलावी? याच प्रश्नापाशी मला अधिक थांबावेसे वाटते. वासकर, देहूकर, शिरवळकर अशा फडांची भजनाची आपापली वळणे आहेत. त्या खाली गावोगावच्या दिंड्यांची आणखी वेगळी. या चाली कागदावर नाहीत. त्या गळ्यांत आहेत, आणि ते गळे आज सत्तर-ऐंशी वर्षांचे आहेत. बाजारातली मुद्रणे स्टुडिओत, मोठ्या वाद्यमेळासह झालेली. ती गोड असतात, आणि गोड असल्यानेच सगळीकडे तीच एक चाल पसरते. दहा गावांत दहा वळणांची गौळण होती, तेथे आता एकच ऐकू येते. फोनने हे केले म्हणावे, तर फोनच हे थांबवूही शकतो. त्यात ऐकण्याबरोबर मुद्रण करण्याचीही सोय आहे. आपल्या दिंडीतले जे जुने विणेकरी, चोपदार, काकड्याला पहाटे उठून येणाऱ्या ज्या म्हाताऱ्या माउली, त्यांच्या चाली त्यांच्या संमतीने आपल्या फोनात घ्याव्यात, आणि पुढची वर्षभराची शिकवणी त्यांच्याच आवाजावर करावी.

घेताना काळजी एवढी. विमानाचे बटण आधी दाबावे, नाही तर मध्येच फोन येऊन मुद्रण तुटते. फोन पाटावर उघडा ठेवू नये, पखवाजाची थरथर त्यात उतरते. घडी केलेल्या उपरण्यावर ठेवावा. टाळापासून निदान सात-आठ हात दूर आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे. जवळ ठेवला तर टाळाने आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. पहिली पाच मिनिटे घेऊन ऐकून पाहावे, मग पुढे चालावे. सुरुवातीला गाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने आपले नाव, गाव, दिंडी, ही चाल आपण कोणापासून घेतली, आणि त्या दिवसाची तिथी व वर्ष सांगावे. फाइलीचे नाव कोणी बदलील, पण आवाजात सांगितलेले बदलत नाही.

बाजारातील मुद्रणांच्या नकला करून वाटण्याविषयीही विचारणा होते. संतांचे अभंग कोणाच्या मालकीचे नाहीत. परंतु एखाद्या गायकाने आणि कंपनीने केलेले मुद्रण ही त्यांची मिळकत आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रण ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे तो हक्क चालतो. तेवढ्या अवधीत पैसे देऊन घ्यावे, किंवा ज्यांनी स्वतःच वाटण्याची परवानगी दिली आहे ते घ्यावे. शे-दीडशे कार्डे भरून दिंडीत वाटणे हे धर्मकार्य वाटले तरी परवानगीवाचून करू नये. आपल्या म्हाताऱ्या विणेकऱ्याचे मुद्रण मात्र, त्याची संमती असली की, हवे तितके वाटावे.

हे मुद्रण एकाच कार्डावर ठेवू नये. नखाएवढे कार्ड न सांगता मरते, आणि बरीच वर्षे पेटीत पडून राहिले तर त्यावरचे पुसट होऊ शकते. एक प्रत फोनात, एक घरच्या संगणकावर किंवा दुसऱ्या कार्डावर, आणि एक दुसऱ्या गावच्या विश्वासू माळकऱ्याकडे, अशा तीन ठिकाणी असाव्यात. वर्षातून एकदा, आषाढीच्या आधी, तिन्ही ठिकाणी ते लावून पाहावे.